कानशिलातला जिना

खोली बघायला गेले त्या दिवशी मास्तरांनी मला नाव विचारलं नाही. मशीनवरून मान वर करून एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "डावा खांदा खाली उतरलाय. पिशवी रोज तिकडंच अडकवतेस, अल्वा? सहा महिने उजवीकडं अडकव. मग आक्का ब्लाउज शिवून देईल. आत्ता शिवला तर वाकडाच शिवावा लागेल."

'अल्वा' म्हणजे 'होय ना', हे मला नंतर कळलं. मी मिरजेची. माणसाचे कान आणि ऐकणं या विषयाचं शिक्षण घ्यायला म्हैसूरला आले होते. हॉस्टेलात जागा मिळाली नाही, म्हणून मराठी बोलणाऱ्या घरात खोली शोधत होते. कुणीतरी सांगितलं, कोर्टाच्या मागच्या गल्लीत एक शिंपी आहेत, पिढ्यान् पिढ्या इथलेच, पण घरात मराठी बोलतात. बोलत होते खरे. फक्त त्यांची वाक्यं मराठीत निघायची आणि कन्नडात जाऊन बसायची. 'तुला कॉफी होणा?' म्हणजे 'कॉफी हवी का?' एवढं समजायला मला आठवडा लागला. उलट माझं बोलणं ऐकून मास्तर हसायचे. "बातम्या सांगितल्यागत बोलते गं ही," असं आतल्या खोलीकडं तोंड करून बहिणीला सांगायचे.

आक्का ही त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली. बायकांचं शिवण ती बघायची. मास्तरांनी लग्न केलंच नव्हतं. का नाही केलं, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "बघायला गेलो की मापच दिसायचं. बाई दिसायच्या आधी."

मास्तर वकिलांचे काळे कोट शिवायचे. दुकानाच्या एका भिंतीला खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एक अर्धवट कोट. कुणाला बाह्या नाहीत, कुणाला कॉलर नाही. दुपारी गल्लीतून वाऱ्याची झुळूक आली की ती सगळी रांग एकदम हलायची, एका बाजूला झुकून परत सरळ व्हायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दारातच थबकले.

"भिऊ नको," मास्तर म्हणाले. "आत कुणी नाही अजून."

टेप त्यांच्या गळ्यात असायचा, पण माणसाला ते तो कधी लावत नसत. गिऱ्हाईक आलं की त्याला गल्लीकडं तोंड करून बाकावर बसवायचे आणि कॉफी मागवायचे. हा बिचारा वाट बघून कंटाळायचा, रस्त्यावरची गाडी बघायचा, जांभई द्यायचा, उठून दारात उभा राहायचा. तेवढ्यात यांचं काम झालेलं असायचं. "टेप लावला की माणूस पोट आत ओढतो," ते म्हणायचे. "खोटा उभा राहतो. त्या खोट्याचा कोट शिवून मी काय करू?"

एका वकिलाच्या कोटाची डावी बगल त्यांनी अर्धा इंच सैल ठेवली. वकील भांडायला आला. मास्तरांनी त्याला शांतपणे सांगितलं, "गेल्या खेपेपेक्षा डावा हात अंगाला धरून चालताय, सार. दाखवा कुणाला तरी." तो रागावून गेला. महिन्याभरानं पेढे घेऊन आला आणि बाकावर नुसताच बसून राहिला. छातीत काहीतरी निघालं होतं, वेळेवर. त्यानंतर कोर्टातली माणसं मास्तरांना जरा भिऊनच असायची. कोट शिवून घ्यायची, पण फार वेळ त्यांच्यासमोर उभी राहायची नाहीत.

हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. ज्या माणसाची नजर दुसऱ्याच्या अंगातलं इतकं ओळखायची, त्यानं स्वतःच्या अंगाबद्दल एक गोष्ट मला सांगितली, तेव्हा मी ती ऐकायला हवी होती. कान हाच तर माझा विषय होता.

माझं दुसरं वर्ष चालू होतं. हुणसूरच्या एका वकिलाचा कोट पोचवायला मास्तर स्कूटरवरून निघाले. रस्त्यावर सांडलेल्या खडीवरून स्कूटर घसरली. पट्टा न लावलेलं हेल्मेट एकीकडं गेलं आणि मास्तर दुसरीकडं. पिशवीतल्या कोटाला धूळसुद्धा लागली नव्हती, असं आक्का नंतर प्रत्येकाला सांगायची, जणू त्यातच सगळं आलं.

डोक्याच्या तळाशी, उजव्या डोळ्याच्या मागं, हाडाला केसासारखी चीर गेली होती. मेंदूला सूज होती, थोडं रक्त साकळलेलं होतं. ऑपरेशनची गरज नाही, असं हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. पहिले तीन-चार दिवस मास्तर फक्त कन्नड बोलले. माझ्याकडं आणि आक्काकडं ते परक्या बाईकडं बघावं तसे बघायचे. पाचव्या दिवशी आक्कानं इडली पुढं केली, तर म्हणाले, "चटणी होणा." आक्का तिथंच पदर तोंडाला लावून रडली. मराठी परत आली होती. नवव्या दिवशी त्यांना घरी आणलं.

घरी आल्यावर दहा-बारा दिवसांनी ती दुपार आली.

माझी खोली वरच्या मजल्यावर होती. जिना बाहेरून, दगडी, अरुंद, एका बाजूला भिंत. दुपारी दोनचा सुमार. कोर्टाचं कामकाज चालू, गल्ली सुनसान. मी अभ्यास करत होते. पाणी भरायला म्हणून दार उघडलं, तर मास्तर सगळ्यात वरच्या पायरीवर उभे. पाठ माझ्याकडं, नजर खाली जिन्यावर.

"मास्तर?"

त्यांनी न वळता हात मागं करून मला गप्प राहायची खूण केली. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. जिना पूर्ण रिकामा होता. पांढरं ऊन प्रत्येक पायरीवर पडलेलं होतं. पाचोळ्याचं एक पानसुद्धा नव्हतं.

"आत्ता तू चढलीस?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी सकाळपासून खोलीतच आहे."

"मग कोण चढतंय?"

"कोण चढतंय? कुणी नाही, मास्तर."

"चढतंय," ते म्हणाले. "चप्पल घासत. थांबत नाही आणि पोचतही नाही. चार दिवस झाले. पायऱ्या तेवढ्याच आहेत नव्हं? मी मोजल्या."

मी जिन्याकडं पुन्हा एकदा पाहिलं, हे खरं. पण मी लगेच शिकल्यासारखं वागले. कुठल्या कानात येतो आवाज? उजव्या. सतत येतो? सतत. एका तालात? हो, एका तालात. "मी वर आलो की तोही जोरानं चढतो. मी बसलो की तोही सावकाश. स्वल्प दमलेला वाटतो."

या एवढ्या बोलण्यात सगळं होतं. आज मला कुणी असं म्हणालं तर मी हातातलं काम टाकून उठेन. पण आठ दिवसांवर परीक्षा होती, डोक्यात दुसऱ्याच धड्याच्या आकृत्या होत्या, आणि कानातले आवाज म्हणजे ज्याचे त्यालाच ऐकू येणारे, एवढंच मला तेव्हा माहीत होतं.

मी म्हणाले, "डोक्याला मार लागला की होतं असं. कानात आवाज येतात. ते खरे नसतात. हळूहळू जातील."

मास्तर माझ्याकडं वळले. चेहऱ्यावर एकदम सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. मला तेव्हा वाटलं, धीर आला असेल.

"तू कानाची डॉक्टरअम्मा," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर जाईल."

"मी डॉक्टर नाही, मास्तर."

ते जिना उतरू लागले. आणि मी पाहिलं, ते भिंतीला अंग घासून, तिरके होऊन उतरत होते. समोरून वर येणाऱ्या कुणाला तरी वाट द्यावी, तसे.

नंतरच्या दिवसांत घरातल्या बारीकसारीक गोष्टी बदलल्या. वरच्या पायरीवर रोज दुपारी पाण्याचा तांब्या दिसू लागला. मी पहिल्यांदा तो चुकून पायानं लवंडला. दुसऱ्या दिवशी तो परत तिथं होता, वर झाकण ठेवलेला. मास्तर आयुष्यभर गळ्यापर्यंत बटण लावणारे; आता त्यांचा सदरा वरून दोन बटणं उघडा असायचा. काम करताना मधेच पाय थांबायचा, मशीन थांबायचं, आणि ते मान तिरकी करून बसायचे. कुणी दाराबाहेरून हाक मारली की आपण 'कोण?' म्हणून कान देतो ना, अगदी तसे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि त्याच्या मागच्या भिंतीवर ते बिनबाह्यांचे कोट.

एकदा मी खालून जाताना त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं. दुकानात कुणी नव्हतं.

"किती राहिल्या अजून?" ते विचारत होते.

आक्कानं मला स्वयंपाकघरात ओढून घेतलं. ती व्यवहारी बाई. भुताखेताच्या गोष्टी करणाऱ्या शेजारणींना तोंडावर हसणारी. त्या दिवशी तिनं ओले हातसुद्धा पुसले नव्हते.

"अप्पा आलाय म्हणतो," ती म्हणाली.

"कुठले अप्पा?"

"आमचा. बाप."

मग तिनं सांगितलं. मास्तर अकरा वर्षांचे असताना त्यांचे वडील सरगूरच्या एका लग्नघरी शिवलेल्या कपड्यांचं गाठोडं पोचवायला गेले. गाठोडं पोचलं. त्यांना जेवायला वाढलं. पान खाऊन, संध्याकाळची बस धरतो म्हणून ते उठले. बस म्हैसूरला आली. ते आले नाहीत. विहिरी शोधल्या, कबिनी नदीच्या काठानं माणसं फिरली. काही नाही. आई वर्षानुवर्षं जिन्याकडं कान लावून बसायची. तेव्हा हे सगळे वरच्या, म्हणजे माझ्याच खोलीत राहायचे.

"चप्पल घासत चढायचा," आक्का म्हणाली. "टाच उचलायचाच नाही. आई ओरडायची, चप्पल झिजते म्हणून." मग एकदम रागावून म्हणाली, "डोकं फुटलंय त्याचं. सुम्ने, उगीच काहीतरी ऐकतो. तू सांग त्याला."

मी सांगितलं होतंच की. माझी परीक्षा सुरू झाली. पंधरा दिवस मी त्या घरात असून नसल्यासारखी होते. त्या पंधरा दिवसांत मास्तरांचा उजवा डोळा लाल झाला.

म्हैसूरकडं डोळे आले की त्याला 'मद्रास आय' म्हणतात. तेच असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. औषधाच्या दुकानातून थेंब आणले, गुलाबपाणी झालं. मास्तर काळा चष्मा लावून बसू लागले. परीक्षा संपल्यावर एका दुपारी मी त्यांच्यासाठी लिंबं घेऊन खाली गेले, तेव्हा वीज गेलेली होती. पंखा बंद. आक्का दाराशी तांदूळ निवडत होती. गल्लीत इतकी शांतता होती की तिच्या सुपातला खडा बाजूला टाकलेला ऐकू येत होता.

मास्तरांनी चष्मा काढला आणि मी लिंबं खाली ठेवली.

ते डोळे आल्याचं लक्षण नव्हतं. डोळा पुढं आला होता. पांढरा भाग सुजून, ओला आणि रक्तासारखा होऊन पापणीबाहेर डोकावत होता. त्यात शिरा मुळांसारख्या पसरल्या होत्या. आणि तो डोळा अगदी थोडा, पण नक्की, हलत होता. पुढं, मागं. पुढं, मागं.

"आता सगळं बंद आहे," मास्तर म्हणाले. "पंखा नाही, मशीन नाही. आता ऐक."

"काय ऐकू?"

"इकडं ये. कान लाव." त्यांनी स्वतःच्या उजव्या कानशिलावर बोट ठेवलं.

आक्का म्हणाली, "अरे, पोरीला कशाला..."

मी वाकले. त्यांच्या पांढऱ्या केसांना खोबरेल तेलाचा आणि खडूचा वास येत होता. मी माझा कान त्यांच्या कानशिलाला लावला.

कुणीतरी जिना चढत होतं.

दुसऱ्या कुठल्याही शब्दात मला ते सांगता येत नाही. वाळू पडलेल्या दगडावरून चप्पल ओढत नेल्याचा आवाज. खर्र... खर्र... खर्र. लांबून येणारा, पण स्पष्ट. एका जिवंत माणसाच्या हाडाच्या पलीकडं दुसरं कुणीतरी सावकाश चाललेलं होतं. मी मागं सरकले तर आवाज गेला. परत कान लावला तर तो तिथंच, थांबला नव्हता.

"आलं ऐकू?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

माझ्या तोंडून "हो" बाहेर पडलं आणि आक्काच्या हातातलं सूप कलंडलं.

ती उठून आली. मला बाजूला करून तिनं आपला कान भावाच्या कानशिलाला लावला. किती वेळ ती तशी होती कोण जाणे. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं. मला वाटलं आता ही म्हणेल, काही नाही. तिनं डोळे उघडले आणि अगदी साध्या आवाजात, भाजी पुरेशी शिजलीय का हे सांगावं तसं, म्हणाली, "तोच. अप्पाच."

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींना घाबरले असेन, पण त्या भर दुपारच्या दोन मिनिटांएवढी नाही. दोघं भाऊबहीण एकमेकांना डोकं टेकवून बसलेली, पन्नास वर्षांपूर्वी हरवलेला बाप ऐकत. मागं कोट हललेसुद्धा नाहीत.

मग माझा हात आपोआप मास्तरांच्या मनगटावर गेला. नाडी धरली आणि दुसऱ्यांदा कान लावला. ठोका, पाऊल. ठोका, पाऊल. एकही चुकत नव्हता.

"मास्तर," मी म्हणाले, "हे तुमचं रक्त आहे."

"माझं रक्त आहेच की तो," मास्तर म्हणाले.

"तसं नाही. हे रक्त वाहण्याचा आवाज आहे. आत कुठंतरी नळी फाटलीय."

"बघ, थांबवून दाखवतो," असं म्हणून त्यांनी उजव्या हाताचा अंगठा मानेच्या शिरेवर दाबला. क्षणभरानं अंगठा सोडला. "दाबलं की थांबतो. सोडलं की चढतो. बटण लावलं तरी अडतो. म्हणून मी बटण लावत नाही." मी त्यांचा हात खाली ओढला. पुन्हा तसं करू नका, असं ओरडलेच बहुधा.

"उद्या हॉस्पिटलात जाऊ या. आजच जाऊ या."

"बेडा," ते म्हणाले. नको. "एवढ्या वर्षांनी आलाय. पोचू दे."

मी आक्काकडं पाहिलं. ती त्याच्या बाजूची झाली होती. त्या घरात आता दोघं होती आणि मी भाडेकरू होते.

दुसरं काही सुचेना, म्हणून मी त्यांचा डावा डोळा माझ्या तळहातानं झाकला आणि दुसऱ्या हाताची बोटं समोर धरली. "किती?"

मास्तरांनी मान थोडी तिरकी केली.

"किती बोटं आहेत, मास्तर?"

"हात आहे का समोर?" त्यांनी हळूच विचारलं.

आक्का पुढं आली. तिनं स्वतःचा हात त्याच्या डोळ्यासमोर हलवला. जवळ नेला. अजून जवळ. पापणी लवली नाही. मग तिला कळलं असावं की कितीतरी दिवस हा माणूस एका डोळ्यानं सुई ओवतोय आणि कुणाला बोललेला नाही.

तिनं पदर खोचला. भावाच्या सदऱ्याची वरची दोन्ही बटणं तिनं आपल्या हातानं लावली.

"अप्पा असता," ती म्हणाली, "तर त्यानं पोराचा डोळा मागितला नसता. हा जो कोण आहे, त्याला डोळा होणा. ऊठ."

म्हैसूरच्या डॉक्टरांनी बघितलं आणि त्याच दिवशी बंगळूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला नि आक्काला कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूकडं जाणारी शुद्ध रक्ताची मोठी नळी डोळ्याच्या मागून जाते, आणि तिथं ती अशुद्ध रक्ताच्या एका डबक्यातूनच जाते. हाडाला चीर गेली तेव्हा त्या नळीलाही बारीक इजा झाली. लगेच कळलं नाही. काही दिवसांनी ती फाटली. मोठ्या नळीचं जोरकस रक्त आता त्या डबक्यात घुसतंय आणि मागं डोळ्याकडं तुंबतंय. म्हणून डोळा पुढं, म्हणून आवाज. "ठोक्याबरोबर येणारा आवाज," त्या म्हणाल्या, "हा नेहमी ऐकून घ्यायचा असतो. तो खरा असतो." त्या कुणाला उद्देशून बोलल्या नव्हत्या. पेन्सिलीनं नळीवर भोक काढत होत्या.

मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून तार वर नेऊन ते भोक बुजवायचं, असं ठरलं. पूर्ण भूल दिली नव्हती; झोपेचं थोडं औषध. आम्ही बाहेर बसलो होतो. आक्का मांडीवर मास्तरांचा सदरा घेऊन त्याच्या घड्या मोडत होती, घालत होती.

बाहेर आणलं तेव्हा मास्तर अर्धवट जागे होते. ओठ कोरडे. मला बघून त्यांनी बोट हलवलं. मी वाकले.

"थांबला," ते म्हणाले.

"बरं झालं, मास्तर."

"पोचला, की परत गेला?"

मी त्यांच्या अंगावरची चादर नीट करत राहिले.

पुढं डोळा हळूहळू आत गेला. लाली जायला तीन आठवडे लागले. सगळं दोन-दोन दिसायचं, ते चार-पाच महिने टिकलं. "दोन-दोन आक्का," मास्तर म्हणायचे, "आणि दोघी रागावलेल्या." उजव्या डोळ्याला उजेड-अंधार आणि आकार इतकंच परत आलं. अक्षर नाही, टाका नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन आठवडे आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं.

पण त्रास झाला तो शांततेचा. मी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. घरी आल्यावर मास्तर दिवसातून चार-पाच वेळा मशीनवर बसून कापडाशिवाय पायडल मारायचे. सुई नुसतीच खालीवर व्हायची. आक्का आतून म्हणायची, "तेल वाया जातंय." ते थांबायचे. मग ती शांतता झाल्यावर ते ज्या तऱ्हेनं दाराकडं बघायचे, ते बघवत नसे. थोड्या वेळानं आक्काच म्हणायची, "मार बाबा, पायडल मार."

आता ते टेप वापरू लागले होते. लोकांना उभं करून, हात वर करायला सांगून, इतर शिंप्यांसारखंच. कोट चांगले व्हायचे. कुणाला भीती वाटत नव्हती.

माझं शिक्षण संपलं. पुण्यात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी सामान खाली आणून ठेवलं आणि रिक्षा येईपर्यंत बाकावर बसले. तीन वर्षांत ज्यावर शेकडो गिऱ्हाईकं बसली, त्या बाकावर मी कधी बसले नव्हते. ते बोलायचं तर आता, असं मला वाटलं.

"मास्तर, तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत ना, जिन्यावर, त्याच दिवशी मला कळायला हवं होतं. तुम्ही सगळं नीट सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तुमचा डोळा माझ्यामुळं गेला."

मास्तर एक बाही पालथी करत होते. त्यांनी ती सुलटी केली, झटकली, बाजूला ठेवली.

"तू त्या दिवशी सांगितलं असतंस," ते म्हणाले, "तरी मी गेलो नसतो."

"का?"

"नाडी काय तुलाच धरता येते? आवाज सुरू झाला त्याच दिवशी मी मनगट धरून बसलो होतो. ताल एक. कळलं मला, हे माझंच काहीतरी आहे म्हणून. कुणाचा बाप मुलाच्या नाडीवर चालत येत नाही. तेवढं डोकं शाबूत होतं." त्यांनी बाही परत हातात घेतली. "तुला विचारलं, कारण भीती होती, तू ओळखशील. तू म्हणालीस, जाईल हळूहळू. मला बरं वाटलं. हळूहळू म्हणजे अजून थोडे दिवस."

त्या दुपारी त्यांच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं दिसलं होतं, ते मला आठवलं. पण त्याच वेळी हेही कळत होतं, की हा माणूस आयुष्यभर लोकांच्या अंगावरचं ओझं ओळखून त्याप्रमाणे बगल सैल ठेवत आलेला आहे.

"खरं सांगताय," मी विचारलं, "की मला जाताना वाईट वाटू नये म्हणून?"

मास्तरांनी मान वळवून दोन्ही डोळे माझ्यावर धरले. एकातून मी दिसत होते, दुसऱ्यातून फक्त कुणीतरी बसलेलं.

"यातलं तुला कुठलं पाहिजे," ते म्हणाले, "ते घेऊन जा."

गल्लीच्या तोंडाशी रिक्षाचा हॉर्न वाजला. आक्का डबा घेऊन बाहेर आली. मी दोघांच्या पाया पडले आणि दोन्ही घेऊन निघाले.